रुमाल टाकलेली जागा

निवासाच्या मॅडमचा फोन आला तेव्हा मी डाळीला फोडणी देत होते. भावाची तब्येत बिघडली की काय, या धास्तीनं आधी गॅस बंद केला. तसं काही नव्हतं. तो नीट जेवतो, गोळ्या घेतो, सकाळी झाडांना पाणी घालतो. फक्त गाडी लावायच्या जागेवरून महिनाभर भांडतोय, असं त्या म्हणाल्या.

"मॅडम, त्याच्याकडं गाडीच नाही," मी म्हणाले.

"तेच तर," त्या म्हणाल्या.

माझा भाऊ माझ्याहून मोठा. कॉलेजात असताना त्याला मनाचा आजार जडला. आई होती तोवर ती आणि तो राणीसावरगावच्या घरी राहायचे. आई गेली, तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर मी त्याला परभणीला माझ्या घरी आणलं आणि काही महिन्यांनी पिंगळीच्या अलीकडं असलेल्या या निवासात नेऊन सोडलं. लोकांना मी सांगत आले की, त्याच्या औषधपाण्याची तिथं चांगली सोय आहे. ते खरंच आहे. पण तो माझ्या घरी कुणाला त्रास देत नव्हता. दुपारभर गॅलरीत उभा राहून स्वतःशी पुटपुटायचा, आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या बायका बघायच्या. त्याचा नाही, मला त्या बघणाऱ्यांचा त्रास व्हायचा. हे मी आजवर नवऱ्यालाही बोलले नव्हते.

निवास म्हणजे दवाखाना नव्हे. प्रत्येकाला वेगळी खोली आहे, खोलीला कुलूप, किल्ली ज्याची त्याच्याकडं. स्वयंपाकाला एक मावशी, गोळ्यांवर लक्ष ठेवायला एक सिस्टर, वरचं सगळं बघायला मॅडम. थोडा आधार मिळाला की आपलं आपण निभावून नेणारी माणसं तिथं राहतात. कुणाचं मन अधू, कुणाचे पाय. आवारात पत्र्याचं एक लांबट शेड आहे आणि दर खोलीला एका गाडीची जागा, असा नियम आहे. गाड्या थोड्यांकडंच आहेत. उरलेल्या जागांवर सायकली असतात, नाहीतर वाळत घातलेल्या सतरंज्या. उन्हाळ्यात पत्रा असा तापतो की खालची गाडी उन्हात लावल्यासारखीच होते. एका टोकाच्या जागेवर तेवढी लिंबाची दाट सावली पडते. व्हरांड्यात चढायचा उतारही तिथूनच सुरू होतो. ती जागा भावाच्या खोलीच्या वाटणीची होती, आणि तिथल्या खांबाला त्यानं आपला रुमाल बांधून ठेवला होता.

भांडण होतं एका काकांशी. ते पूर्वी सेलूला कापसाच्या जिनिंगवर नोकरीला होते. लहानपणी पोलिओ झालेला, एका पायाला कॅलिपर, काखेत कुबडी. त्यांची स्कूटर मागं दोन जादा चाकं लावलेली. रोज सकाळी ती घेऊन ते पिंगळी स्टेशनवर चहाला जायचे. त्यांची जागा शेडाच्या दुसऱ्या टोकाला. तिथं गाडी लावून, कुबडी टेकत, उन्हातून शेडाच्या कडेकडेनं उतारापर्यंत यायचं. त्यांना भावाची जागा हवी होती, आणि कुणीही म्हणेल की ती त्यांना मिळायला हवी.

रुमाल मात्र त्यांनी काढला नव्हता. रोज येऊन खांबाशी थांबायचे, दोन शब्द सुनवायचे आणि पुढं जायचे. एस.टी.नं उभा जन्म फिरलेला माणूस दुसऱ्याचा रुमाल हातानं उचलत नाही. खिडकीतून सीटवर रुमाल पडला की जागा त्याची झाली, मग आत कितीही रेटारेटी असो. आमच्या भागात भावाभावांत वाटण्यांवरून कोर्टकचेऱ्या होतात, पण सीटवरच्या रुमालाला सगळे मान देतात.

रविवारी मॅडमनी सगळ्यांना व्हरांड्यात बसवायचं ठरवलं होतं. मलाही बोलावलं. बऱ्याच दिवसांनी जात होते. माझी स्कूटी मी फाटकाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेलाच उभी केली. तिथं लावली की निघताना बरं पडतं.

मॅडमनी मवाळपणे सुरुवात केली. नियम सगळ्यांसाठी आहे, पण माणुसकी म्हणूनही काही असतं, वगैरे. भाऊ खाली मान घालून एकच सांगत होता, माझ्या खोलीची जागा हाय. मावशी म्हणाल्या, मग माझ्याही नावानं एक जागा काढा, मी तिथं चूल मांडते. सगळे हसले, भाऊपण हसला. पण जागा सोडतो म्हणेना.

काकांचा आवाज चढलेला नव्हता. ते म्हणाले, "रुमाल टाकला, मान्य हाय आपल्याला. पण गाडी कवाच सुटली. सीटवर बसायला कुणी आलं न्हाई. आता कंडक्टरनं करावं तरी काय?"

"यायलीय," भाऊ म्हणाला.

"कवा?"

"रविवारी."

"आज काय हाय मग?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला तोवर उलगडलं नव्हतं. मग भाऊ मॅडमना म्हणाला, अगदी समजावून सांगितल्यासारखं, "बहीण म्हणली, गाडी उन्हात राहती. सीट तापतं, बसवत न्हाई. म्हणून तिला येता येत न्हाई."

हे वाक्य माझंच होतं.

त्याचं असं झालं होतं. सोडताना मी त्याला शब्द दिला होता की, दर रविवारी येईन. सुरुवातीला गेलेही. मग कधी पाहुणे आले, कधी गाडी पंक्चर झाली, कधी मुलाची परीक्षा. काही खरं, बरंचसं खोटं. आणि उन्हं तापायला लागल्यावर एका रविवारी मी घरून निघाले, फाट्यापर्यंत पोचले, तिथं रसवंतीवर ग्लासभर रस प्याले आणि पुढं जायला पाऊलच उचलेना. फाट्यावरनंच त्याला फोन केला. ऊन लय हाय दादा, म्हणाले, तिथं गाडी लावायला सावली नाही, सीट नुसतं पोळतं. तो बरं म्हणाला. मी घरी परतले. त्यानंतर मला उन्हाची सवयच झाली. रविवार आला की ऊन.

आणि तिकडं त्यानं सावली धरून ठेवली होती.

आता तो उठून माझ्यासमोर आला. "गाडी कुठं लावलीस?"

"बाहेर."

"बाहेर का लावलीस?"

त्यानं हात पुढं केला, मी किल्ली दिली. फाटक उघडून तो गाडी ढकलतच आत घेऊन आला. चालवायला त्याला येत नाही. सगळ्यांच्या देखत ती लिंबाखाली नेऊन लावली, स्टँडवर नीट उभी आहे ना ते हलवून बघितलं, खांबाचा रुमाल सोडला आणि त्यानं सीट पुसलं. मग वळून काकांना म्हणाला, "हे बघा, आली."

मॅडम म्हणाल्या, चहा घेऊ या आधी.

राणीसावरगावहून आम्ही दोघं शिकायला गंगाखेडला जायचो, तेव्हाही असंच होतं. एस.टी. स्टँडवर लागायच्या आधीच तो तिच्यासोबत पळत सुटायचा आणि खिडकीतून रुमाल टाकायचा. मी दोघांची दप्तरं सांभाळत सगळ्यांच्या मागून चढायचे, तरी मला खिडकीची जागा. स्वतः दांडीला धरून उभा. एकदा एका धोतरवाल्या बाबानं रुमाल बाजूला सारून बूड टेकलं, तर हा बारका पोरगा गाडी हलू देईना. माझ्या बहिणीची जागा हाय, माझ्या बहिणीची जागा हाय. शेवटी बाबा उठले. मी त्या गर्दीत लाजून चूर झाले होते. म्हणजे तेव्हाही लाजच वाटली होती मला, जागा मिळाल्याचं काही नाही.

चहा घेऊन आम्ही लिंबाखाली आलो. तो उकिडवा बसला, मी गाडीला टेकून उभी. पलीकडं काका कुबडी टेकत शेडाच्या कडेनं त्यांच्या गाडीकडं चालले होते. ऊन त्यांच्या डोक्यावर होतं. भाऊ त्यांच्याकडंच बघत होता, आणि मला जाणवलं की तो रोज असाच बघत असणार. त्याला काही आनंद होत नसणार त्यात.

मी म्हणाले, "दादा, ते ऊन नव्हतं रे."

त्यानं खाली पडलेली एक काडी उचलली.

"मला भीती वाटायची. मी आले की तू घरी ने म्हणशील. आणि मला नाही म्हणावं लागंल."

"म्हणलो कवा मी?"

खरंच कधी म्हणाला नव्हता. सोडलं त्या दिवशीसुद्धा नाही. बॅग आत ठेवून त्यानं विचारलं होतं की, तुला अंधार पडायच्या आत पोचायला होईल ना.

"ऊन न्हाई, ते मला कळायलं होतं," तो जमिनीवर काडीनं रेघा ओढत म्हणाला. "पण तू ऊन म्हणलीस ना. उन्हाला इलाज हाय. दुसरं काई असंल तर त्याला मी काय करणार?"

मी पदर तोंडाला लावला. तो रेघा ओढत राहिला. माझ्या रडण्याकडं बघितलं नाही त्यानं, आणि ते बरं केलं.

मग मी सांगितलं. अडखळत, पण खरं तेच सांगितलं. दर रविवारी मला जमत नाही, पुढंही जमणार नाही. माझ्या घरी आता त्याला नेता येणार नाही, आणि त्याचं कारण तो नाही, मी आहे. महिन्यातून दोनदा येईन, आणि येणार असले तरच येते म्हणेन. त्यानं सगळं ऐकलं. दोनदा म्हणजे लय झालं, म्हणाला. तो टोमणा नव्हता. त्याला टोमणे मारता येत नाहीत.

जागेचं मी काहीच बोलले नव्हते. बोलायचं धैर्यच नव्हतं. ज्या माणसानं माझ्या खोट्यापायी एवढी जागा लढवली, त्याला मी कुठल्या तोंडानं सोड म्हणणार? पण तो आपणहून उठला आणि उन्हातून काकांकडं गेला. मी मागं गेले.

"काका," तो म्हणाला, "तिथं तुमी बसा तोवर."

काकांना क्षणभर अर्थ लागला नाही, मग लागला. एस.टी.त असंच म्हणतात. आमचं माणूस येईस्तोवर टेका, आलं की उठा.

"आन् माणूस आलं की?"

"उठावं लागंल."

काकांनी माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "उठतो की. पण हा पाय असा. मला उठायला येळ लागतो बाबा. आदल्या दिवशी सांगत जा, ताई येणार हाय का न्हाई ते."

"ताई सांगंल," भाऊ म्हणाला.

मॅडमही तिथं आल्या होत्या, त्यांना हे पसंत पडलं नाही. त्या म्हणाल्या, अहो, ताई आल्या तर गाडी कुठंही लावतील, त्यासाठी काकांनी कशाला उठायचं? बरोबरच होतं त्यांचं. मीही म्हणणार होते की, मी बाहेर लावते, मला चालतं. भाऊ माझ्याकडं बघत होता. काका घाईनं म्हणाले, आमचं आमी ठरवलंय मॅडम, तुमी मधात पडू नका.

तेव्हापासून मी शनिवारी संध्याकाळी फोन करते. येणार असले तर येते म्हणते, नसले तर नाही. कारण सांगत नाही आणि तो विचारत नाही. हे एवढं साधं असतं, हे मला पन्नाशीला आल्यावर समजलं. नाही म्हणाले की तो बरं म्हणतो आणि फोन ठेवायच्या आधी काकांना ओरडून सांगतो, उद्या बसून राहा.

मागच्या रविवारी गेले तेव्हा ऊन तापलेलं होतं. लिंबाखालची जागा झाडून ठेवलेली, खांबाला धुतलेला रुमाल. काकांची स्कूटर दुसऱ्या टोकाला, तापलेल्या पत्र्याखाली उभी होती, आणि तिच्या सीटवर कुणीतरी ओलं गोणपाट अंथरलं होतं. त्याचं पाणी अजून खाली टिपकत होतं.

"तुमचा दादाच दर येळी भिजवतो," काका व्हरांड्यातून म्हणाले. "तुमी यायलाव म्हणलं की माझ्या गाडीची आंघोळ."

भाऊ रुमालानं माझं सीट पुसत होता. ते तापलंच होतं, वाटभर उन्हातून आले होते मी. "थांब," तो म्हणाला, "निवू दे जरा. लगेच जाऊ नको."

"नाही जात," मी म्हणाले. "जेवून जाते."