जीपमधला कॉम्प्युटर आणि बाबांची चावी

घशाच्या ऑपरेशननंतर बाबांचा गाता गळा गेला. बोलणं राहिलं, तेही घोगरं. त्याआधी गणपतीत गावोगावी जाखडी रंगायची, नाचणारे गोल फिरायचे आणि मधोमध बसून बाबा गायचे. त्या गाण्यांच्या कॅसेटना बुरशी धरायला लागली, तशी मी ती सगळी घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. तेव्हा मी रत्नागिरीत कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे, लिनक्सचं नवं वेड लागलेलं. म्हटलं, ही गाणी वाजवायला बाबांच्या जीपमध्येच एक कॉम्प्युटर बसवते! आई म्हणाली, "हिला लग्न सोडून सगळं सुचतंय."

बसवला. सीटखाली डबा, डॅशबोर्डवर दोन बटणं. बाबा इतके खूश, की जाखडीतल्या जुन्या सोबत्यांना सांगूनच बसले, "यंदा जयगडला कार्यक्रम बघायला माझ्या जीपमधून चला. वाटेत मी गाणार!"

आणि मशीन दगा द्यायला लागलं. घराजवळ फेरी मारली की ठणठणीत. गणपतीपुळ्याच्या रस्त्याचा लांब उतार लागला की गाणं गप्प! पुन्हा सुरू झालं की आधी हार्डडिस्क तपासत बसायचं, आणि एक दिवस ती डिस्क उठलीच नाही. मी खड्ड्यांना शिव्या घातल्या. नवी डिस्क आणली, गाणी पुन्हा भरली, खाली जुन्या स्लिपरचं रबर कापून घातलं. उतारावर परत तेच. बाबांचं मत वेगळं. "जागाच तशी आहे," म्हणाले, आणि त्या उतारावर राखणदाराला, त्या जागेची राखण करणाऱ्या देवाला, नारळ देऊन आले.

"बाबा, राखणदाराला हार्डडिस्कशी काय करायचंय?" मी करवादले.

शेवटी मी स्वतःच शेजारी बसून निघाले. उतार आला. बाबांनी गिअर न्यूट्रलला टाकला आणि सहज चावी बंद केली. डिझेल वाचवायला! चावीबरोबर कॉम्प्युटरची वीजही गेली, गाणं तिथेच तुटलं.

"अहो बाबा, हे काय?"

"काय म्हणजे? उतारावर इंजिन कोण चालू ठेवतं, मेल्ये?"

मला हसू आवरेना. राखणदार बिचारा फुकट बदनाम झाला होता.

आयुष्यभराची सवय, ती काय माझ्यासाठी सुटणार? मग मशीनलाच शहाणं केलं. चावी बंद झाली तरी वेगळ्या लहान बॅटरीवर ते चालू राहील, आणि बराच वेळ चावी फिरलीच नाही तर नीट आवरून आपलं आपण बंद होईल. डिस्क अशी लावली, की चालताना तिच्यावर काही लिहायचंच नाही, नुसतं वाचायचं. लिहिता लिहिता वीज जाते तेव्हाच तर घोळ होतो.

गणपतीत सोबती आले, जीप खच्चून भरली. मी मागे, जीव मुठीत धरून. या लोकांसमोर बाबांना खाली बघावं लागू नये, एवढंच मागत होते.

उतार आला. बाबांनी चावी बंद केली. इंजिन थांबलं, गाणं नाही थांबलं. उलट इंजिनाची घरघर गेल्यावर बाबांचा तरणा आवाज पहिल्यांदा लख्ख ऐकू आला. सोबत्यांनी जीपचे पत्रे बडवत, त्यांची ओळ उचलत मागून झील धरली. आणि बाबाही घोगऱ्या गळ्याने त्यांच्यात शिरले, स्वतःच्याच मागे गात. मला हसू येत होतं आणि डोळेही भरले होते.

उतार संपला. जीप हळूहळू रस्त्याकडेला येऊन उभी राहिली. गाणं अजून बरंच बाकी होतं. बाबांनी चावीला हात लावला नाही.