जुम्मा दरवाज्यामागची भिंत

मी तीस वर्षं शाळेत सायन्स शिकवलं. मुलींनी भुताच्या गोष्टी सांगितल्या की त्यांना फळ्यासमोर उभं करून उलटतपासणी घ्यायचे. तेव्हा हे लिहायला हात कचरतोय... पण आता सत्तरी उलटली, लपवून तरी काय करायचं?

सत्तर सालानंतरची गोष्ट. माझी नणंद नागपूरला दिलेली. आम्ही दोघं सांगलीहून तिच्याकडे गेलो होतो — माणसांत गेलं तर जरा बरं वाटेल म्हणून. आमची मंजू जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. चार वर्षांची होती. जुलाब-उलट्या सुरू झाल्या, आणि घरातल्या मोठ्यांनी बजावलं, पाण्याचा थेंब देऊ नका, वाढेल. ह्यांना राहवत नव्हतं, "दे गं घोटभर" म्हणत होते. मी दिलं नाही. मी, सायन्सची बाई! तांब्या उचलून फडताळात ठेवला. पहाटे ती गेली.

तर नागपूर. नणंदेचे यजमान, आमचे भाऊजी, जुन्या शहराचे भारी वेडे. जेवणं झाल्यावर म्हणाले, "चला दादा, तुम्हाले महाल भाग दाखवतो. भोसल्यांचं खरं नागपूर तेच हाये." नणंद घरीच राहिली. सायकलरिक्षाने आम्ही जुम्मा दरवाज्यापाशी उतरलो. कमान पाहिली, मग आतल्या गल्ल्यांतून हिंडलो. थंडीचे दिवस, दुपारचे दोन-अडीच, लख्ख ऊन. एका बोळात जुन्या काळ्या दगडी भिंतीचा तुकडा उरला होता. त्यात कधीकाळी लहान दार असावं, ते विटांनी बुजवलेलं.

भाऊजी पुढे बोलत चालले होते. हे एकदम थांबले. मी नाही, आधी हे थांबले — एवढं नीट लक्षात ठेवा.

मग मला ऐकू आलं. विटांच्या आतून, माझ्या कमरेएवढ्या उंचीवरून...

"आई, पाणी."

मंजू 'पाणी'तला 'ण' नीट म्हणायची नाही. तो तसाच होता.

त्यानंतर मी काय केलं ते मला तुकड्यातुकड्यानेच आठवतं. विटांवर हात आपटत होते. नखांनी चुना उकरत होते. "आले गं, देते गं" म्हणत होते. बायका दारांत येऊन उभ्या राहिल्या. पानठेल्यावरचे दोघं-तिघं हसत होते. कुणीतरी म्हणालं, "बाहेरगावची दिसते, डोकं फिरलं वाटते."

भाऊजी धावत आले. "काहून वहिनी, काय झालं? कोणी बोलून नाही राहिलं इथं!"

"मंजू आहे आत. फोडा हे."

"दादा, वहिनीले धरा न!"

ह्यांनी माझं मनगट धरलं आणि फरफटत बोळाबाहेर नेलं. माझ्या बोटांतून रक्त येत होतं. मी विचारलं, "तुम्ही ऐकलंत ना?" ह्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. म्हणाले, "नाही. काही नव्हतं."

भाऊजी दुसऱ्या दिवशी एकटे जाऊन मागच्या बाजूने पाहून आले. भिंतीमागे पुरुषभर मातीचा भराव, त्यापलीकडे एका घराचा गोठा. त्या घरात लहान मूलच नव्हतं.

पुढे अकरा वर्षं ह्यांनी तो विषय काढला नाही. मग ह्यांना हृदयविकाराचा झटका आला. मीठ बंद, लोणचं बंद. एका दुपारी ताटावर बसून लोणच्याची फोड मागितली. मी म्हटलं, "मिळणार नाही."

ह्यांनी ताट सरकवलं. शांतपणे म्हणाले, "तुला नाही म्हणायला आवडतंच. त्या दिवशी भिंतीतून ती काय म्हणाली, सांगू?"

मी पळी खाली ठेवली.

"तुला तर काही ऐकू आलं नव्हतं..." मी पहिल्यांदाच ह्यांना 'तू' म्हणाले.

"आलं होतं. ती तुला हाक मारत नव्हती. मला मारत होती. 'बाबा, आई मला पाणी देत नाही.' असं तीनदा."

आम्ही दोघं एकाच भिंतीसमोर, हातभर अंतरावर उभे होतो. मला एक ऐकू आलं, ह्यांना दुसरं, भाऊजींना काहीच नाही. हे कोणत्या सायन्समध्ये बसतं? की मला टोचावं म्हणून त्या दुपारी ह्यांनी रचलं? पण मग त्या बोळात माझ्याआधी हे कशासाठी थांबले?

ह्यांच्या शेवटच्या आठवड्यात मी धीर करून विचारलं, "ते खरं होतं का हो?"

ह्यांनी माझ्याकडे मान वळवली. म्हणाले, "तुला कोणतं हवंय? खरं, की खोटं?"

दुसऱ्या दिवसापासून ह्यांची वाचाच बंद झाली.