मी येऊन सांगेपर्यंत

मुकुंद शेवटचं बोलला ते डब्याविषयी. "आक्का, मी येऊन सांगेपर्यंत हा बंद करू नको," म्हणाला आणि औषधं आणायला बाहेर पडला. थोड्या वेळानं औषधाच्या दुकानातून फोन आला. "अम्मा, बेग बन्नी." लवकर या, मुकुंद दुकानातच कोसळलाय म्हणे. कुवेंपुनगरात रिक्षा लगेच मिळते. तरी मी वेळेत पोचले नाही.

मुकुंद माझा धाकटा भाऊ. त्याची बायको गेल्यावर मी त्याच्याकडे राहायला आले. त्याचा जन्म कचेरीतल्या कॉम्प्युटरांपुढं गेला. निवृत्त झाल्यावर घरीही एक काळा डबा आणून ठेवला आणि टेपवर घेतलेलं आमच्या आईचं सगळं बोलणं त्यात भरलं. आमचं मराठी पुढं कोण बोलणार, म्हणायचा. त्याच्या मुलीला, सुमालाच धड येत नाही. आईचा आवाज मोठ्या डिस्कांवर होता. कुठं काय ठेवलंय हे डब्याला कळायचं ते दोन लहान डिस्कांवरून. त्या थकल्या होत्या, म्हणून तेवढं नव्या डिस्कांवर चढवत होता.

"मध्येच बंद पडला तर?" मी विचारलं.

"तू नसलीस तर मला मीठ सापडेल का? तसंच."

"मीठ समोर असतं. तुला दिसत नाही."

हसला...

दिवसांना आलेला चुलतभाऊ म्हणाला, "सुम्मने, उगीच कशाला चालू ठेवलंय? करंट जळतो."

"मुकुंद सांगेल तेव्हा बंद करीन."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. माझं डोकं ठिकाणावर होतं. तो येणार नाही हे मला माहीत होतं. पण काम पुरं झालं की नाही, हे दुसरं कोण सांगणार? नंतर आयुधपूजा आली. घरात सण नव्हता, पण हत्यारांना कसलं सुतक? विळी, मिक्सर, त्याची स्कूटर, सगळ्यांना कुंकू लावून विश्रांती दिली. डब्यालाही कुंकू लावलं. विश्रांती मात्र दिली नाही.

परवा सुमा बंगळूरहून आली. डब्याला कॉम्प्युटर जोडून बघत बसली. मी दारात उभी होते.

"मुगीतु, अत्ते. बाबा गेले त्याच संध्याकाळी संपलंय हे. सगळं नीट चढलंय."

म्हणजे इतके दिवस मी संपलेल्या कामाची राखण करत होते. तिनं आईचा आवाज लावला. टी. नरसीपूरला संगमावर आईचा तांब्या वाहून गेला होता, ती गोष्ट. आई थांबली की मध्ये मुकुंद, "हं, मग?" आई पुढं सांगायची. परत, "हं, मग?"

सुमा रडायला लागली. मी म्हटलं, "पुरे. चहा टाक."

जाताना म्हणाली, "अत्ते, आता बंद केलं तरी चालेल."

ती गेल्यावर मी त्या खोलीत गेले. बटण कुठं आहे ते मला माहीत आहे. डब्याचा पंखा घुमत होता. त्याच्यावरचं कुंकू थोडं सांडलं होतं, ते पुसलं आणि दार उघडंच ठेवून स्वयंपाकघरात आले. तिथवर आवाज येतो.