हेडमास्तरांच्या नावावर

मावशीने आयुष्यात मार भरपूर खाल्ला, पण तो कागदावर लिहून घेणारी माणसं तिला भेटली ती परक्या देशात आल्यावर. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली, प्यायला पाणी दिलं, आणि मावशीला वाटलं, आता आपली नोकरी गेली.

मावशी हे तिचं नाव नव्हे. मायदेशी एका इस्पितळात अठरा वर्षं ती आया होती, आणि आयांना तिथे सगळे मावशीच म्हणत. इथल्या वृद्धाश्रमात तिला कुणी मावशी म्हणत नसे. आपण म्हणू. तिचा नवरा दोन वर्षं आधी इथे येऊन मालाची व्हॅन चालवत होता. त्याला नुसतं ड्रायव्हर म्हणू. त्याहून जास्त मान द्यायची माझी तयारी नाही.

लिहून घेण्याचा प्रकार घडला कामाच्या दुसऱ्याच आठवड्यात. सात नंबरच्या खोलीत एक निवृत्त हेडमास्तर होते. देह आडदांड, पण डोकं पार विस्कटलेलं. मोजे चढवायला मावशी खाली वाकली, तर त्यांनी तिच्या जबड्यावर असा गुद्दा हाणला की तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि ओठ फुटून चादरीवर रक्त सांडलं. मावशीने बाहीने ओठ पुसला, दुसरा मोजा चढवला आणि पुढच्या खोलीत गेली. तिच्या लेखी विषय संपला होता. पण इन्चार्ज सिस्टरने तिला ऑफिसात नेलं, बर्फ लावला आणि एक कागद पुढे ठेवला. त्यावर माणसाची आकृती छापलेली, एक समोरून, एक पाठीमागून. मार बसला तिथे फुली मारायची. कुणी मारलं, किती वाजता, उघड्या हाताने की मुठीने, सगळं लिहायचं, आणि खाली चौघांच्या सह्या.

मावशीला हसू आवरेना. एका गुद्द्याला चार सह्या लागत असतील, तर तिच्या बावीस वर्षांच्या संसाराला सह्या करायला अख्खं गाव रांगेत उभं करावं लागलं असतं.

तिकडे ड्रायव्हर तिला पट्ट्याने मारायचा, भर अंगणात मारायचा, आणि शेजारीपाजारी तेवढा वेळ दाराला कडी लावून घ्यायचे. इथे पहिल्याच महिन्यात त्याने तिला स्वयंपाकघराच्या दारावर आपटलं, तर वरच्या मजल्यावरचा माणूस खाली आला आणि त्याच्या मागोमाग पोलीस. कपाट सरकवत होतो, असं ड्रायव्हरने हसतमुखाने सांगितलं. मावशीने मान डोलावली. इथे राहायचा तिचा परवाना ड्रायव्हरच्या परवान्याला जोडलेला होता. तोंड उघडलंस तर पहिल्या विमानाने परत जाशील आणि तिथे तुला दारात कुणी उभं करणार नाही, हे तो तिला उठता-बसता ऐकवत असे. तरी पोलीस आले म्हणून तिला आशा वाटली, आता हा सुधारेल. नव्या देशाशी जुळवून घ्यायला लोकांना वर्षं लागतात म्हणे. ड्रायव्हरला एक दुपार पुरली. त्या दिवसापासून तो टीव्हीचा आवाज वाढवून मारू लागला, गळ्याच्या खाली मारू लागला, आणि मारायच्या आधी तिच्या तोंडात टॉवेल कोंबू लागला. मायदेशी निदान ओरडायची तरी सोय होती.

मग एकदा आश्रमातल्या एका आजींना अंघोळ घालताना मावशीने बाह्या वर केल्या, आणि दंडावर उमटलेली चार बोटं आणि अंगठा सिस्टरच्या नजरेला पडला. मावशीचं उत्तर तयार होतं: मागच्या जिन्यावरून पडले. इस्पितळात ती वर्षानुवर्षं हेच सांगत आली होती. सांगणारीलाही खरं ठाऊक, ऐकणारीलाही ठाऊक, आणि 'सांभाळून गं' एवढ्यावर भागायचं. इथे दुसऱ्या दिवशी एक माणूस टेप घेऊन आला आणि आश्रमाचा मागचा जिना पायरी न् पायरी मोजून गेला. जिन्यात काही दोष नाही, असं त्याने लेखी कळवलं. हे लोक बोललेलं खरं मानून चालतात, हे मावशीला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून ड्रायव्हरने बरगडीत गुडघा घातला आणि तिला वाकता येईना, तेव्हा ती म्हणाली, हेडमास्तरांनी लाथ मारली. ते मारतात हे सगळ्यांना माहीत होतं. एक लाथ जास्त झाली तर त्यांचं काय जाणार? मनगट मुरगळलं, तेही हेडमास्तरांनी. पाठीवर काळानिळा पट्टा उठला, तोही त्यांनीच. दीड महिन्यात चार कागद झाले. कागद कपाटात पडून राहतील, अशी मावशीची समजूत होती. ते डॉक्टरकडे गेले.

एका सकाळी ती सात नंबरमध्ये शिरली तर हेडमास्तर चाकाच्या खुर्चीत, कमरेला पट्टा बांधून बसवलेले. हनुवटीवरून लाळ गळत होती. इंजेक्शनने त्यांना गार केलं होतं. मावशीने त्यांचा उजवा हात उचलून सोडला. तो ओल्या कपड्यासारखा मांडीवर पडला. तिने त्यांची बोटं एकेक करून मिटली, मूठ वळवून दिली. मूठ उलगडली. "मारा की," ती आपल्या भाषेत म्हणाली, "मारा एक." ते तिच्या बुटांकडे बघत राहिले.

अकरा वाजता तिला ऑफिसात बोलावलं. डॉक्टर होते, सिस्टर होती आणि हेडमास्तरांची मुलगी होती. हेडमास्तरांना शहराबाहेरच्या कुलूपबंद विभागात हलवायचं ठरत होतं. तिथे गेलेलं माणूस सहसा परत येत नाही, हे मावशीला इतक्या दिवसांत कळलं होतं. मुलगी उठून मावशीसमोर आली. रडून तिचे डोळे सुजले होते.

"माझ्या वडिलांनी तुम्हाला जे केलं," ती म्हणाली, "त्याबद्दल मी तुमची माफी मागते."

बावीस वर्षांत मावशीची माफी कुणी मागितली नव्हती. आणि मागितली ती हिने, जिच्या बापाला आपणच खुर्चीला बांधलं. मावशीला स्वतःची इतकी किळस कधीच आली नव्हती. विमान आठवलं, दारात उभं न करणारं माहेर आठवलं.

"त्यांनी एकदाच मारलं, तोंडावर," ती म्हणाली. "बाकी सगळं माझ्या नवऱ्याचं आहे."

आणि कुणी काही विचारायच्या आत तिने पाठ वळवून सदरा वर केला.

चार वाजता ड्रायव्हर नेहमीप्रमाणे घ्यायला आला. मावशी बाहेर येत नाही म्हटल्यावर त्याने काचेच्या दाराला लाथा घातल्या, तिसऱ्या लाथेला काच फुटली. आत येऊन त्याने तिचे केस धरले आणि तिचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा, दोनदा. कपाळातून रक्ताची धार लागली. पण इथे टीव्ही नव्हता आणि टॉवेलही नव्हता. मावशी ओरडली. इतक्या वर्षांचं साठलेलं ओरडली. धोबीखान्यातले दोघे, स्वयंपाकी आणि डॉक्टर त्याच्या अंगावर पडले. स्वयंपाक्याने त्याचा हात पिरगळून पाठीशी नेला, तेव्हा हाड मोडल्याचा आवाज आला. वाईट वाटायला हवं, पण मावशीला वाटलं नाही. मलाही वाटत नाही. पोलिसांनी त्याला काचांवरून चालवत नेलं.

मावशी आता नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या आणखी चार बायकांबरोबर एका घरात राहते. तिच्या परवान्याचं अजून नक्की नाही. वकीलबाई खटपट करते आहे. हेडमास्तरांना हलवायचं रद्द झालं, आणि मावशीच्या कपाळावरचे टाके निघाले तसं त्यांचं औषधही कमी करत आणलं. त्यानंतर बाराव्या दिवशी मावशी त्यांची उशी सारखी करायला वाकली आणि त्यांनी तिच्या खांद्यावर सणसणीत गुद्दा ठेवून दिला. मावशी फरशीवर बसलीच. हात पार बधिर झाला होता. तशाच हाताने तिने ऑफिसातला फोन उचलला आणि हेडमास्तरांच्या मुलीला लावला.

"बाई," ती म्हणाली, "तुमच्या वडिलांनी आज मला मारलं."

पलीकडे मुलगी रडू लागली, आणि मावशीही.