आई, दोन यंत्रं आणि सतरावा अंश

दोन हजार सहाच्या सुमाराची गोष्ट. मी तेव्हा पाणलोटाचं काम करणाऱ्या एका लहानशा संस्थेत होते. देवरुखच्या आसपासच्या डोंगरातल्या वाड्यांवर आम्ही बांध घालायचो आणि कुठला बांध कुठे आहे ते वहीत लिहून ठेवायचो. "मोठ्या फणसाच्या वरच्या अंगाला, पायवाट सोडून" अशा त्या नोंदी. आम्हाला त्या पुरायच्या, पण पुण्याहून तपासणीला येणाऱ्यांना फणस सापडायचा नाही. शेवटी आमच्या सरांनी मुंबईच्या एका विक्रेत्याकडून दोन हातसंगणक आठ दिवसांच्या बोलीवर मागवले. दोन्ही तळहातावर मावणारे, दोन्हींत उपग्रहावरून जागा सांगायची सोय आतच बसवलेली, शिवाय ब्लूटूथ आणि वायफाय. "वापरून बघ आणि कुठला ठेवायचा ते लिहून दे," असं म्हणून सरांनी दोन्ही माझ्या पिशवीत घातले.

शनिवारी मी ते रत्नागिरीला घरी घेऊन आले. आई बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून नुकतीच निवृत्त झाली होती. तपासायला पेपर नाहीत म्हणून तिच्या हाताला चैन नव्हतं. तिने चष्मा लावला, दोन्ही यंत्रं उलटीसुलटी पाहिली, एक कागद घेतला आणि मधोमध रेघ मारून डावीकडे "काळा" आणि उजवीकडे "करडा" असं लिहिलं.

काळ्याच्या पाठीला उघडणारी एक पट्टी होती. ती वर करून त्याला अंगणात ठेवला, तर आकाशातले उपग्रह शोधायला त्याने बारा मिनिटं घेतली. करड्याने चार मिनिटांत उत्तर दिलं. पण उन्हात त्याचा पडदा दिसेना, आईने पदराची सावली धरली तेव्हा कुठे आकडे वाचता आले. वायफाय म्हणून दोघेही बराच वेळ काहीतरी शोधत राहिले आणि काही सापडलं नाही असं सांगून गप्प बसले. त्या वेळी आमच्या आळीत सापडण्यासारखं काही नव्हतंच. नकाशा उघडला तर महामार्गाची एक रेघ आणि बाकी सगळं कोरं.

"समुद्र कुठे गेला?" आई दुखावल्यासारखी म्हणाली. तिने दोघांचेही गुण कापले.

मग मी ब्लूटूथ दाखवायला करड्यावरची नोंद काळ्यावर पाठवली. तार नाही, काही नाही. मला वाटलं, आई खूश होईल.

"म्हणजे हे एकमेकांचं बघून लिहितात?"

"अगं, पाठवलं तरच जातं."

"ते तू म्हणतेस. दोघांना लांब लांब बसव." तिने करडा फाटकाजवळच्या दगडी गडग्यावर नेऊन ठेवला, तेव्हा तिचं समाधान झालं.

रविवारी सकाळी ती म्हणाली, "शाळेत जाऊ. तिथलं उत्तर मला पाठ आहे. ह्यांना येतं का बघू."

शाळेतल्या भिंतीवरच्या जुन्या नकाशात सतरा अंश उत्तर अक्षांशाची रेघ थेट रत्नागिरीच्या ठिपक्यावरून जायची. त्यावरून आईने सातवीच्या प्रत्येक वर्गाला सांगितलं होतं की ही रेघ आपल्याच मैदानातून जाते. ती मैदानात फक्कीने रेघ मारायची आणि प्रत्येक मुलाला तिच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभं करायची. मीही तशी उभी राहिले होते.

रविवार असल्यामुळे मैदान मोकळं होतं. करड्याने सांगितलं, सोळा अंश, एकोणसाठ मिनिटं, पस्तीस सेकंद. काळ्यानेही जरा वेळाने तेच सांगितलं.

"बंद करून परत चालू कर."

मी केलं. आकडे तेच आले. आईने तोंडातल्या तोंडात हिशेब केला. "पंचवीस सेकंद कमी. एका सेकंदाला एकतीस मीटर. पाऊण किलोमीटर चुकलं की गो!"

मी म्हटलं, "नकाशा लहान होता, त्यात एवढं कुठे दिसणार?"

"मुलांना मी सांगितलं होतं, नकाशाने नाही."  ती छत्री काखेत मारून फाटकाकडे चालू लागली. "चल. रेघ कुठे आहे ते तरी बघू."

रिक्षावाल्याने विचारलं, "कुठे जायचं, बाई?"

"उत्तरेला," आई म्हणाली.

तो माझ्याकडे बघायला लागला. मी गावाच्या उत्तरेकडच्या किनाऱ्याचं, पांढऱ्या समुद्राचं, नाव सांगितलं. शेवटचा टप्पा आम्ही चालत गेलो. आईच्या हातात काळा, माझ्या हातात करडा. पंचावन्न सेकंद, सत्तावन्न, एकोणसाठ. एका घराच्या फाटकाशी करड्याने सतरा पूर्ण केले. काळ्याच्या मते ती जागा अजून थोडी पुढे, फाटकाच्या आत होती. आत माडांखाली एक बाई चटईवर कोळंबीचे सोडे वाळत घालत होती. आम्हाला हातातल्या यंत्रांकडे बघत आत येताना पाहून ती उठली.

"कसली मोजणी? आमची मोजणी झालीय," ती घाबरून म्हणाली आणि तिने घरात हाक मारली. पांढऱ्या दाढीचे, जाड भिंगांचा चष्मा लावलेले तिचे सासरे बाहेर आले.

"कागद दाखवा आधी," ते म्हणाले. "रस्ता रुंद करणार म्हणून दोनदा येऊन गेलेत लोक."

"रस्त्याचं काही नाही," आई म्हणाली. "मी शाळेतली बाई. मुलांना चुकीचं शिकवलं. सतरा उत्तर कुठे ते बघत बघत तुमच्या दारात आले."

म्हाताऱ्यांचा चेहराच बदलला. "सतरा उत्तर? बाई, मी तीस वर्षं जहाजावर होतो. चार्टवर ती रेघ आमच्या गावाला लागूनच जायची. पण आमच्या अंगणातून?" त्यांनी दोन्ही यंत्रं मागून घेतली आणि डोळ्यांशी नेऊन बघितली. मोतीबिंदूमुळे आकडे दिसेनात, तेव्हा मला वाचायला लावले. "एका वाचनावर जायचं नाही," ते म्हणाले. "दोन्ही विहिरीच्या कठड्यावर ठेवा आणि थोड्या थोड्या वेळाने लिहून काढा."

सुनेने चहा आणला. मी आकडे सांगत होते आणि आई लिहीत होती. अर्ध्या तासात करडा एकाच जागी असून आकड्यांत मात्र फाटकापासून नारळीपर्यंत फिरून आला. काळा कठड्यावरून जवळजवळ हललाच नाही.

"हा उशिरा येतो, पण आला की ठाम बसतो," म्हातारे म्हणाले. "जहाजावर असाच माणूस लागतो." माझ्या अहवालात मी पुढे जवळपास हेच वाक्य लिहिलं. काळा संस्थेत राहिला, करडा परत गेला. आईच्या कागदावर काळ्याला सहासष्ट गुण होते, करड्याला एकोणसाठ.

रेघ विहीर आणि धुण्याच्या दगडाच्या मधून जात होती. म्हाताऱ्यांनी तिथे चिऱ्याचे दोन तुकडे रोवून घेतले.

आम्ही निघालो तेव्हा सून फाटकापर्यंत आली. सासरे आत गेल्याचं बघून तिने आईला हळूच विचारलं, "बाई, तुम्हाला ह्या आकड्यांतलं कळतं?" आणि भिंतीवरचं कॅलेंडर आणून दाखवलं. तिचा नवरा मालवाहू जहाजावर होता. जहाजावरून फोन दोन-तीन मिनिटांचा. खुशाली सांगून झाली की तो जहाज कुठे आहे त्याचे आकडे सांगायचा आणि ती त्या तारखेच्या चौकोनात लिहून ठेवायची. आठ महिन्यांचे चौकोन भरलेले होते.

"तो कुठे आहे ते कधी बघितलं नाहीस?" आईने विचारलं.

"कशात बघणार? नवरा कुठे, नवरा कुठे, असं सासऱ्यांना सारखं विचारायला लाज वाटते. आता तर त्यांना दिसतही नाही."

सोमवारी आई शाळेत गेली. मुख्याध्यापिकेकडून तिने सातवीचा एक तास मागून घेतला आणि फळ्यासमोर उभी राहून आपली चूक सांगितली. पुढे कित्येक महिने बाजारात, बँकेत, एसटीत जुना विद्यार्थी भेटला की ती त्याला थांबवायची. "ती रेघ मैदानातून जात नाही हो. पांढऱ्या समुद्राजवळ, मुरुगवाड्याकडे आहे. लक्षात ठेव." बऱ्याच जणांना कुठली रेघ ते आठवायचंही नाही. ते "हो बाई" म्हणून नमस्कार करायचे.

आणि बुधवारी दुपारी ती नवा शालेय नकाशासंग्रह, पट्टी आणि टोकदार पेन्सिल घेऊन त्या घरी गेली. मीही बरोबर होते. आईने तिला आडवे अंश, उभे अंश, पूर्व, पश्चिम असं सगळं नीट शिकवलं. सून सातवीपर्यंत शिकलेली, पण हाताने नेटकी. पहिला ठिपका कोलंबोच्या खाली पडला, दुसरा सिंगापूरजवळ. ती प्रत्येक ठिपक्याशेजारी बारीक अक्षरात तारीख लिहीत होती. दहा-बारा ठिपके झाल्यावर आफ्रिकेच्या बाजूचे आकडे आले. एक ठिपका तिने मांडला आणि पेन्सिल उचलून थबकली.

"बाई, हे पिवळं म्हणजे काय?"

आईने वाकून बघितलं. "वाळवंट. वीस उत्तर, सतरा पूर्व. ह्या दिवशी तुझा नवरा सहाराच्या मधोमध जहाज घेऊन गेलाय."

सून आधी घाबरली आणि मग तोंडावर पदर धरून इतकी हसली की ओसरीवरून सासऱ्यांनी काय झालं म्हणून विचारलं. तिने लाजत सांगितलं. म्हातारे उठून आत आले. "पश्चिम असणार," ते म्हणाले. "पोरी, सतरा पश्चिम मांड. तिथे समुद्र आहे, मी गेलोय त्या बाजूला. मासळी चांगली."

तिने पूर्व खोडून पश्चिम लिहिलं आणि ठिपका पाण्यात आणला. मग आईने पुढचा आकडा वाचला, आणि म्हातारे नकाशाजवळ पाट ओढून बसले.