ॲसिड म्हणजे आंबट

हे मी आजवर कोणाजवळ काढलेलं नाही. मित्रांजवळ नाही, भावाजवळ नाही. तसं पाहिलं तर गोष्ट पायाच्या अंगठ्याची — त्यात लपवण्यासारखं काय असणार? पण लपवलं. सात-आठ वर्षं तरी झाली असतील.

मी धानोऱ्यात पंपाच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करतो, म्हणजे आतली तांब्याची तार नव्याने गुंडाळतो. या धंद्याने मला एक खोड लावली आहे — बिघाड नेमका कुठे आहे हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. त्यामुळे एका सकाळी उजव्या पायाचा अंगठा टम्म सुजला, लाल झाला, चप्पल पायात जाईना, तेव्हा विव्हळता विव्हळता मी त्याच्याकडे बघतच बसलो. काल तर धडधाकट होता. पडलो नाही, ठेचकाळलो नाही — मग याला झालं काय? चादरीचं टोक लागलं तरी जीव जात होता.

नंदुरबारच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. युरिक ॲसिड वाढलंय म्हणाले, ते सांध्यांत साचतं, गाऊट आहे. गोळ्या दिल्या, पाणी भरपूर प्या म्हणाले, आणि स्पष्ट सांगितलं — कलेजी बंद, मटण कमी, सुकट-बोंबील नको, बिअरचं तर नावच काढू नका. मी मान हलवली. शब्द न् शब्द कळला होता मला. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे अडाणी समजून मला कोणी सोडून द्यायला नको.

घरी आलो तर माझी बायको, विमल, दारातच उभी. डाक्टरनी काय सांगं, म्हणाली. मी म्हटलं, ॲसिड वाढलंय.

"म्हंजे आंबट ना?"

आणि मी — हो म्हटलं.

खोटं मी रचलं नव्हतं, हे खरं. ते तिनेच आयतं माझ्या हातात दिलं. पण मी ते का घेतलं? त्या घटकेला माझ्या डोळ्यांपुढे काय आलं, सांगू? खांडबाऱ्याच्या बाजारात तव्यावर परतत असलेली कलेजी. बाजाराच्या दिवशी दुरुस्त केलेल्या मोटारी पोचवायला मी तिकडे जायचो. मग प्लेटभर कलेजी आणि एक थंड बिअर — तेवढं माझं एकट्याचं होतं. विमलला कळलं असतं तर तिने ते बंद पाडलं असतं. ती बाई एकदा मनावर घेतलं की घेतलं.

आता विमलबद्दल सांगायला हवं. ती कोरीट गावची, आणि आंबट म्हणजे तिचा जीव. अंबाडीची भाजी, कढी, मीठ लावलेली कैरी. भाकरी थापता थापता चिंचेचं बुटुक तोंडात असायचं. त्याच संध्याकाळी तिने चिंचेची बरणी शेजारणीला देऊन टाकली. मी म्हटलं, अगं, तुला कोणी नको म्हटलंय? तर म्हणाली, "तुमले बंद, मंग मी एकलीच काय खाऊ?" मला वाटलं, चार दिवसांचा उत्साह आहे.

अंगठा काही ऐकेना. ऐकेल कसा? खांडबाऱ्याहून आलो की एक-दोन दिवसांत ठणका हजर. आणि मी पाय उशीवर ठेवून पडलेला असताना विमल चुलीपाशी बसून आदल्या दिवसाचा स्वयंपाक आठवायची. काल वरणात टमाटा टाकी दिधा, मन्हीच चूक व्हयनी, असं म्हणायची. मग टोमॅटो गेला. पुढच्या दुखण्याला दही गेलं, नंतर ताक. शेवटी तर तिने पिकलेला आंबाही सोडला — न जाणो, एखादा आंबट निघायचा. मी हे सगळं उशीवरून ऐकत होतो.

याहून वाईट सांगू? माझी खोड गप्प बसेना. एका बाजाराला मी मुद्दाम कलेजी टाळली आणि लिंबूसरबत ढोसलं. काही झालं नाही. पुढच्या बाजाराला बिअर न घेता नुसती कलेजी खाल्ली — तिसऱ्या दिवशी अंगठा पेटला. बिघाड सापडला म्हणून मला चक्क आनंद झाला होता. डॉक्टरांनी फुकट सांगितलेलं मी पुन्हा शोधून काढत होतो, आणि घरात ती माउली वरणातला टोमॅटो शोधत होती. हे माणूस का करतो? मी बराच विचार केला. मला अजून कळलेलं नाही.

मग एकदा मनगट सुजलं. तांब्याची तार धरता येईना, धंदाच बसायची वेळ आली. तेव्हा कलेजी सोडली, बिअर सोडली. बायकोसाठी नाही हो — मनगटासाठी. अंगठा शांत झाला. विमल गल्लीभर सांगत सुटली, आंबट बंद केलं म्हणून पाय चांगला झाला. मी तिच्या शेजारी उभा राहून मान डोलावली.

या उन्हाळ्यात मात्र मला राहवेना. बाजारातून कैऱ्या आणल्या, चिरल्या, मीठ-तिखट लावून वाटी तिच्यापुढे ठेवली. म्हटलं, डॉक्टर म्हणाले आता आंबट चालेल. म्हणजे सुटका केली तीही खोटं बोलूनच. तिने एक फोड तोंडात घातली, चावली, आणि वाटी परत माझ्याकडे सरकवली.

"मन्हा दात आंबतस. आते आवडत बी नही," म्हणाली. काही राग नाही, काही नाही. मग तिला एकदम डॉक्टर आठवले. त्यांच्यामुळेच तुमचा पाय वाचला, म्हणाली, त्यासले दोन पपया दी या.

गिऱ्हाइकाने दिलेल्या पपयांतल्या दोन चांगल्या निवडून तिने पिशवीत भरल्या. मी त्या घेऊन नंदुरबारला गेलो, डॉक्टरांच्या टेबलावर ठेवल्या. डॉक्टरांनी विचारलं, हे कशाबद्दल?

मी म्हटलं, असंच.