कालवणाबरोबरची तावेल

नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या एच-फोर व्हिसावर मी अमेरिकेत सनीव्हेलला आले, तेव्हा मला नोकरी करायची परवानगी नव्हती, शिकायची होती. म्हणून जवळच्या कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळचा वाइनचा वर्ग लावला. नवरा म्हणाला, "अगं, जावा प्रोग्रामिंग शीक. काहीतरी उपयोगी घे."

"उपयोगी शिकून वापरू कुठे?" मी विचारलं.

वर्गात एकदा तावेल आली. दक्षिण फ्रान्समध्ये, ऱ्होन नदीच्या परिसरात या नावाचं गाव आहे आणि तिथली ही रोझे, म्हणजे गुलाबी वाइन. गुलाबी म्हणजे गोडमिट्ट अशी माझी समजूत होती, ती पहिल्याच घोटाला मोडली. ही अजिबात गोड नव्हती. चव भरदार, आणि शेवटी जिभेवर किंचित कडवटपणा. तिकडे ती थंड करून लसणीच्या, टोमॅटोच्या पदार्थांबरोबर आणि माशांच्या रश्शाबरोबर पितात, असं मास्तरांनी सांगितलं. मी रत्नागिरीची. माशांचा रस्सा म्हटल्यावर मी हात वर केला. "मग आमच्या कोलंबीच्या कालवणाबरोबर?"

"करी?" मास्तर हसले. "करीबरोबर बीअर. वाइन वाया घालवू नका."

वर्गही हसला.

"तुम्ही कालवण खाल्लंय कधी?"

"नाही. पण तिखट ते तिखटच," ते म्हणाले, आणि पुढच्या बाटलीकडे वळले.

त्याच आठवड्यात मी तावेल विकत आणली आणि कालवण केलं. फजिती झाली. नेहमीसारखं झणझणीत केलं होतं. वर वाइनचा घोट घेतला तर तोंडात नुसता जाळ. मास्तर अगदीच चुकीचं बोलले नव्हते, याचा मला जास्त राग आला. पुढच्या खेपेला कमी तिखट बेडगी मिरची घेतली, नारळाचा रस दाट काढला, आंबट बेतानं आणि लसूण सढळ हातानं घातली. आता जमलं. कोलंबीची गोडी पुढे आली आणि वाइनचा कडवटपणा मागे हटला. नवऱ्यानं दोनदा भात घेतला. "मस्त आहे यार," तो म्हणाला, "पण महाराष्ट्र मंडळात कुणाला सांगू नको हं."

हे मात्र मला लागलं.

पुढे आमच्याकडे जेवण होतं. मंडळातली दोन कुटुंबं मुलांसह, आणि क्युपर्टिनोचे काका-काकू. काका इथे फार पूर्वी आलेले, आता रिटायर झालेले डॉक्टर. पुरुषमंडळी मागच्या अंगणातल्या पॅटिओत व्हिस्की घेऊन बसली, बायका आत मँगो ज्यूस घेऊन. दर वेळी असंच असायचं. मी पानं मांडली, कालवण वाढलं आणि फ्रिजमधली तावेल माझ्या ग्लासात ओतली.

"अय्या, कोकम सरबत का?" काकूंनी विचारलं. "रंग काय सुंदर आलाय!"

हो म्हटलं असतं तर संध्याकाळ सुरळीत पार पडली असती. पॅटिओच्या दारातून नवरा डोळ्यांनी तेच विनवत होता.

"नाही काकू, वाइन आहे. कालवणाबरोबर छान लागते. देऊ थोडी?"

काकूंनी हात मागे घेतला. बाकीच्या दोघी आपापल्या ताटात बघू लागल्या. काका दारात येऊन उभे राहिले. "बेटा, मुलांसमोर बायकांनी पिणं बरं दिसत नाही."

"काका, मुलांना तुमचाही ग्लास दिसतोय की."

काकांनी ग्लास काही खाली ठेवला नाही. मी बसले, जेवले, सावकाश घोट घेत राहिले. कुणीच वाइन मागितली नाही. कालवण संपलं.

सगळे गेल्यावर नवरा म्हणाला, "गरज होती का?"

"होती."

"काकूंना काय वाटलं असेल?"

"ते त्या सांगतील. मी काय प्यायचं ते मी ठरवीन."

पुढचं जेवण फ्रीमाँटला होतं, पॉटलक, म्हणजे ज्यानं त्यानं एकेक पदार्थ करून न्यायचा. आदल्या दिवशी यजमानीणबाईंचा फोन आला: तू फक्त पोळ्या आण. मी पोळ्या केल्या. कालवणही केलं, आणि बर्फाच्या पिशवीत तावेल ठेवली. नवऱ्यानं पिशवीकडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि कालवणाचं पातेलं उचलून गाडीत नेऊन ठेवलं.

तिथेही तावेल मी एकटीच प्यायले, टेबलापाशी बसून, सगळ्यांच्या देखत.